ग्वांगचौमध्ये वावरताना: चहाच्या टेबलापासून लिफ्टच्या दारापर्यंत

दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला जाणारा मराठी माणूस बहुधा दोनपैकी एका कामानं जातो. एक तर कॅन्टन फेअर, म्हणजे १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरणारं अवाढव्य व्यापारी प्रदर्शन. नाहीतर घाऊक बाजार: चामडी पिशव्या, दिवे, खेळणी, मशिनचे सुटे भाग. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकात्याहून थेट विमान पुन्हा सुरू झालं आणि जाणाऱ्यांची चौकशीही वाढली. व्हिसा, हॉटेल, मालाचे दर या गोष्टी कुणीही सांगतो. तिथे चारचौघांत कसं वागायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि पहिल्या फेरीत घोळ होतात ते तिथेच.

शहर आपल्याला अगदी परकंही नाही. आपण ज्याला जुन्या पुस्तकांत कॅन्टन म्हणून वाचलं, ते हेच. मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू घेऊन जहाजं इथे यायची. सर जमशेटजी जिजीभाईंनी ऐन तारुण्यात या वाऱ्या केल्या आणि त्या व्यापारावर अफाट पैसा मिळवला. शहराच्या पूर्वेला चांगचौ बेटावर पारशी व्यापाऱ्यांची जुनी दफनभूमी आहे. पारशी बायकांच्या गारा साड्यांवरचं भरतकामही याच किनाऱ्यावरून आलेलं.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या शहराची रीत शिकायची असेल तर ती चहाच्या टेबलावर शिकावी. बाजार, जेवण, घर, सण, सगळीकडे तीच वेगवेगळ्या रूपांत भेटते. म्हणून पुढे चहावर जास्त लिहिलं आहे आणि मेट्रोवर कमी.

निघण्याआधी

फोन आधी तयार करा. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, गूगलचे नकाशे साध्या स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. भारतातून घेतलेल्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर सहसा चालतात, हॉटेलच्या वायफायवर नाही. तिथल्या लोकांशी बोलायला वीचॅट, म्हणजे तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप, लागतंच. व्हिजिटिंग कार्ड अजून देतात, पण खरी ओळख वीचॅटचा कोड स्कॅन केल्यावरच झाली असं समजतात. खातं भारतातच उघडून, ओळखीच्या माणसाकडून पडताळणी करून ठेवा.

पैशाचंही तसंच. यूपीआय विसरा. अलीपे किंवा वीचॅट पे या पैसे देण्याच्या तिथल्या अ‍ॅपमध्ये आपलं व्हिसा वा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर जादा शुल्क लागत नाही, वरच्या रकमेवर तीन टक्के लागतात. रस्त्यावरचा शेंगावालासुद्धा कोड पुढे करतो. नोट दिली तर घेतो, पण सुटे शोधताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. थोडी रोकड खिशात असू द्या, फोनची बॅटरी कधीही मान टाकते.

आता भेटवस्तू. यात आपण सगळ्यात जास्त चुकतो, कारण आपल्याकडची नेहमीची भेट तिथे नेमकी अशुभ निघते. भिंतीवरचं घड्याळ नको. ‘घड्याळ भेट देणं’ आणि ‘मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणं’ यांचा उच्चार चिनीत एकच आहे. कंपनीचं नाव छापलेली छत्री नको, छत्रीचा शब्द ‘पांगणं’ या शब्दासारखा वाजतो. हिरवी टोपी तर मुळीच नको. पुरुषाच्या डोक्यावर हिरवी टोपी म्हणजे त्याची बायको बाहेरख्याली आहे. दिवाळीच्या ऑर्डरमधल्या उरलेल्या हिरव्या कॅप पिशवीत भरताना हे आठवा. कोल्हापुरी चप्पल द्यायचा मोह सगळ्यांना होतो. पण कॅन्टनीजमध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेत, पादत्राणाला ‘हाय’ म्हणतात, आणि तो आवाज उसाशासारखा आहे. घरात उसासे कोण आणणार? सुरी-कात्री नको, ती नातं तोडते.

फुलं द्यायची वेळ आली तर पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचा गुच्छ टाळा. आपल्याकडे शेवंतीशिवाय पूजा होत नाही, तिथे ती मृतांची आठवण काढताना वाहतात.

मग न्यायचं काय? एप्रिलच्या प्रदर्शनाला जाताना हापूसची पेटी डोळ्यांसमोर येते. पण ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ चीनमध्ये सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे आंबा गेला, पेढेही गेले. भाजलेले सीलबंद काजू उत्तम. कोकणातले किंवा गोव्यातले, चांगल्या डब्यात, लाल किंवा सोनेरी कागदात. पैठणीच्या काठाच्या छोट्या पिशव्याही आवडतात. पांढऱ्या कागदात काही बांधू नका. आणि चार नग कधीच देऊ नका. चार या आकड्याचा उच्चार मरणाशी जुळतो, इतका की इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथा, चौदावा मजला बरेचदा सापडतच नाही. आठ मात्र लाडका, तो ‘धन फळफळणं’ या शब्दाशी यमक साधतो.

भेट दोन्ही हातांनी द्यायची. समोरचा दोनदा ‘कशाला, कशाला’ म्हणेल, आपल्यासारखंच. तिसऱ्यांदा घेईल आणि न उघडता बाजूला ठेवेल. त्याला आवडलं नाही असं समजू नका. देणाऱ्यासमोर उघडणं अधाशीपणाचं मानतात.

पोहोचल्यावर पहिला दिवस

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. मित्राच्या घरी राहणार असाल तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. यजमान भिडेपोटी बोलणार नाही, म्हणून तुम्हीच विषय काढा. मेट्रोत शिरताना दर वेळी बॅग तपासयंत्रातून जाते. कुरकुर न करता ठेवा. डब्यात फोनवर मोठ्यानं बोलणं, स्पीकरवर व्हिडिओ लावणं टाळा. टॅक्सीवाल्याला, हॉटेलातल्या माणसाला टिप देऊ नका. सुटे पैसे सोडून निघालात तर तो मागे पळत येऊन परत देईल.

भाषा दोन ऐकू येतील. मंदारिन, म्हणजे चीनची प्रमाणभाषा, सगळ्यांना येते, पण जुन्या ग्वांगचौकराची आईची भाषा कॅन्टनीज. दोन-चार शब्द कॅन्टनीज बोललात तर चेहरा खुलतो, मग सूर कितीही चुको. सगळ्यात कामाचा शब्द ‘म्-गोय’. कुणी दार धरलं, चहा ओतला, रस्ता दाखवला तर म्-गोय. गर्दीतून वाट मागायला आणि वेटरला हाक मारायलाही तोच चालतो. पण कुणी भेट दिली किंवा जेवू घातलं, तर आभाराचा शब्द वेगळा: ‘तो-चे’. हा भेद पाळलात तर तुम्ही पर्यटक वाटत नाही. ‘मी’ला कॅन्टनीजमध्ये ‘ङो’ म्हणतात. जो ङ आपल्याला ‘वाङ्मय’ सोडून फारसा भेटत नाही, तो इथे वाक्याच्या तोंडाशी बसलेला असतो.

भेटल्यावर जुनी माणसं विचारतात, ‘सिक चो फान मेय आ?’ म्हणजे ‘जेवलात का?’ हे आमंत्रण नव्हे. आपल्या ‘काय, झालं का जेवण?’सारखंच. ‘सिक चो’, म्हणजे ‘जेवलो’, एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं.

हात मिळवतात, पण हलका. जोरात दाबून हलवू नका. गळाभेट नको, पाठीवर थाप नको. गटात आधी सगळ्यात वयस्क माणसाकडे वळा. नावात आडनाव पहिलं येतं, म्हणून चांग वेइमिंग असेल तर ते ‘वेइमिंग साहेब’ नव्हेत, चांग साहेब. लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे चांगच्या बायकोला ‘मिसेस चांग’ म्हणण्याआधी तिचं नाव विचारा. कारखान्याच्या मालकाला आडनावापुढे ‘लाओपान’, मोठ्या अधिकाऱ्याला ‘चोंग’ लावतात. टॅक्सीवाला, मिस्त्री, कारागीर यांना मंदारिनमध्ये ‘शिफू’. बाजारात तर कुठल्याही वयाच्या बाईला ‘लेंग नोय’, म्हणजे सुंदरी, आणि पुरुषाला ‘लेंग चाय’, म्हणजे देखणा, अशी हाक मारतात. आपल्याकडे हे केलं तर मार बसेल. तिथे ‘ताई’, ‘दादा’ इतकंच ते साधं आहे, आणि तुम्हालाही कुणी देखणा म्हटलं तर फार मनावर घेऊ नका.

चहाचं टेबल

सकाळच्या चहाला ‘याम छा’ म्हणतात, शब्दशः चहा पिणं. पण टोपल्यांतून वाफाळत येणारे लहान लहान पदार्थ, म्हणजे तिमसाम, त्यात धरलेलेच असतात. जुना वाक्प्रचार आहे ‘यात चुंग लेउंग किन’: एक पेला, दोन नग. निवृत्त माणसं पेपर घेऊन सकाळी सातला बसतात आणि दहापर्यंत हलत नाहीत. चहाघरांत तोउ तोउ कोय हे १८८० पासूनचं नाव, लिन हेउंग १८८९ पासूनचं. दोन्ही घराणी जुन्या पश्चिम भागातली. रविवारी तिथे रांग असते, टोकन घ्यावं लागतं, आणि गर्दीच्या जागी अनोळखी कुटुंबाच्या टेबलावर बसवतात. कसंनुसं वाटून घेऊ नका. मान हलवून हसायचं आणि आपापल्या किटलीकडे बघायचं.

बसल्यावर वेटर पहिला प्रश्न जेवणाचा विचारत नाही. कुठला चहा, ते विचारतो. काहीच सुचत नसेल तर ‘पो-लेय’ सांगा, तो काळा, मुरवलेला पु-अर चहा, पोटाला सोसणारा. शेवंतीच्या फुलांचाही असतो. हीच ती शेवंती, पण पेल्यात ती शुभ आहे. दूध-साखर मागू नका. बिलात माणशी ठरावीक ‘चहाची जागा’ लावलेली दिसेल, ती फसवणूक नव्हे, रीतच आहे.

पहिली किटली प्यायची नाही. एक मोठा वाडगा मध्ये ठेवतात. गरम चहा आपल्या वाटीत ओतायचा, पेला आडवा धरून त्यात फिरवायचा, चॉपस्टिक आणि चमचा बुडवायचा, आणि पाणी त्या वाडग्यात सांडायचं. भांडी स्वच्छ असली तरी हे करतात. मी पहिल्या वेळी ते पाणी प्यायलो होतो. टेबलावरची आजी काही बोलली नाही, तिनं फक्त वाडगा हळूच माझ्याकडे सरकवला.

मग ओतणं. स्वतःचा पेला आधी भरायचा नाही. डावी-उजवीकडे बघायचं, आधी मोठ्यांचा, मग बरोबरीच्यांचा, शेवटी आपला. पेला काठोकाठ भरू नका. तिथे म्हणतात, दारू भरून द्यावी, चहा कमी. काठोकाठ भरलेला गरम पेला पाहुण्याचा हात भाजतो, म्हणजे त्याला उठवायचं आहे असा अर्थ निघतो. किटलीची चोच कुणाकडे रोखलेली राहू देऊ नका.

आणि तुम्हाला कुणी ओतलं की बोलणं न थांबवता तर्जनी आणि मधलं बोट जरा वाकवून टेबलावर दोन-तीनदा हलकेच ठोका. हे झाले आभार. दंतकथा अशी की छ्येनलुंग बादशहा वेष पालटून दक्षिणेत फिरत असताना त्यानं बरोबरच्या सेवकांना स्वतः चहा ओतला. गुडघे टेकले तर बिंग फुटणार, म्हणून त्यांनी बोटांचे गुडघे टेकले. खरं-खोटं बादशहा जाणे. पण ही एवढी एक लकब उचललीत तर अख्खं टेबल तुमच्याकडे वळून बघतं. माझ्या मते सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

किटली रिकामी झाली तर हाका मारू नका. झाकण उचलून तिरकं ठेवा. वेटर येऊन पाणी भरून जातो.

शाकाहाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मुळ्याच्या तळलेल्या वड्यांत वाळवलेली कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे असतात, दिसायला निरागस अशा पेस्ट्रीत डुकराची चरबी. ‘ङो सिक चाय’ म्हणजे ‘मी शाकाहार करतो’, हे कॅन्टनीज. मंदारिनमध्ये ‘वो छ सू’. वीचॅटमध्ये चिनी लिपीत एक चिठ्ठी करून ठेवा: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, चरबी नाही, कोंबडीची पूड नाही, अंड्याचं काय ते. दाखवली की प्रश्न मिटतो. सगळ्यात निर्धास्त जागा म्हणजे लिउरोंग मंदिरासारख्या बौद्ध मंदिरांच्या आसपासची शाकाहारी उपाहारगृहं. तिथल्या कडक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळीही पोटभर जेवतात. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच भाविक शाकाहार पाळतात. आपल्या एकादशीसारखी त्या दिवशी तिथे झुंबड असते, लवकर जा. गोड खायचं तर आल्याच्या रसात गरम दूध ओतून थिजवलेला पदार्थ शोधा, शहराच्याच पान्यू भागातली खासियत. चमचा रोवला की खरवसाची आठवण येते.

बाजारात, दुकानात

घाऊक बाजारातल्या बहुतेक दुकानांत दर विचारण्याआधी बसायला सांगतात. समोर लाकडी किंवा दगडी चहाचा ट्रे असतो, बोटभर पेले, आणि मालक बोलता बोलता ओतत राहतो. घाई असली तरी दोन पेले प्या. ‘नको, चहा नको, दर सांगा’ म्हणणारा गिऱ्हाईक त्याच्या लेखी एकदाच येणारा. पेला रिकामा ठेवलात की तो भरतच जाणार. पुरे झालं तर भरलेला तसाच ठेवा.

दराची बोलणी कॅलक्युलेटरवर होतात, पण हाताच्या खुणा शिकून घ्या. एक ते पाच आपल्यासारखे. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी बाहेर. सात म्हणजे अंगठा आणि दोन बोटांची चिमूट. आठ म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणलेली, जिला आपण पोरांची बंदूक म्हणतो. नऊ म्हणजे आकड्यासारखी वाकवलेली तर्जनी. त्या आठाला दोन समजून ‘दोन युआन, चला ठरलं’ म्हणून आनंदानं मान हलवणारे आपले लोक मी पाहिले आहेत.

घासाघीस खुशाल करा, हसत करा. पण माल खराब निघाला तर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मालकाचा किंवा त्याच्या नोकराचा पाणउतारा करू नका. नमुना बाजूला नेऊन दाखवा. चारचौघांत पत गेलेला माणूस चूक दुरुस्त करत नाही, तुम्हाला टाळू लागतो. एकांतात सांगितलंत तर पुढच्या खेपेला दोन पेट्या जास्त मिळतात. आणि ‘बघतो’, ‘विचार करून सांगतो’, ‘जरा अवघड आहे’ ही उत्तरं नकाराची आहेत. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय, ते आठवा.

बोलतानाही हा व्यापारी गाव जपून बोलतो. जिभेचा शब्द ‘तोटा’सारखा वाजतो, म्हणून खाटकाकडे जीभ ‘नफा’सारख्या आवाजाच्या शब्दानं मागतात. यकृताचा शब्द ‘कोरडं’ या अर्थाचा वाजतो, म्हणून त्याला ओलाव्याच्या शब्दानं ओळखतात. ‘रिकामं घर’ म्हणताना ‘रिकामं’चा उच्चार अशुभाशी जुळतो, म्हणून भाड्याच्या पाटीवर चक्क ‘शुभ घर’ लिहितात. हे ऐकून मला परकं वाटलं नाही. आपणही दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्यामुळे तिथे ‘तुमचा धंदा बुडाला तर?’, ‘जहाज बुडालं तर विमा कुणाचा?’ असले प्रश्न जरा वळसा घालून विचारा.

रात्रीचं जेवण

गोल टेबल असतं. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, तिथे आपणहून बसू नका, बसवतील तिथे बसा. मधलं तबक फिरतं असतं. कुणी वाढून घेत असताना ते फिरवू नका, आणि आपल्याला आवडलेला पदार्थ शोधायला उलटसुलट गरगरवू नका. वाढायला वेगळ्या चॉपस्टिक ठेवलेल्या असतात, त्यांनीच घ्या. स्वतःच्या चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. मृतापुढे धूप लावतात तसं ते दिसतं. आपल्याकडे पान चुकीचं वाढलं की कसं चमकतात, तसं टेबल चमकेल. वाटीवर वाजवूही नका, ती भिकाऱ्याची खूण. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागा, त्यात कमीपणा नाही. हातानं कालवून खाणं मात्र तिथे टाळलेलं बरं.

अख्खा मासा आला तर त्याचं तोंड मुख्य पाहुण्याकडे करतात. वरची बाजू संपली की मासा उलटायचा नाही, काटा उचलून खालचं खायचं. मासा उलटला की नाव उलटते, असं किनाऱ्यावरचे लोक मानतात. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दारू पीत नसाल तर घाबरू नका. उत्तरेपेक्षा इथे आग्रह कमी असतो, आणि एक सर्वमान्य पळवाट आहे: ‘यी छा ताय च्यू’, म्हणजे दारूऐवजी चहा. हे म्हणून चहाचा पेला उभं राहून दोन्ही हातांनी उचला. पेला भिडवताना आपली कड समोरच्या वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा खाली धरा. दोघेही नम्र निघाले तर पेले टेबलापर्यंत खाली जातात, आणि सगळे हसतात. प्यायला सुरुवात केलीत तर मात्र मध्येच थांबणं अवघड जातं, म्हणून काय ते पहिल्या पेल्याआधी ठरवा.

उरलेलं अन्न बांधून न्यायला कुणी लाजत नाही. ‘ता पाव’ म्हटलं की डबे येतात. २०२१ मध्ये अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाही झाला आहे. बिलावरून झटापट होईल, अगदी आपल्या लग्नातल्या आहेरासारखी. आमंत्रण ज्याचं, पैसे त्याचे. तुम्ही दोनदा हात पुढे करा, तिसऱ्यांदा माघार घ्या, आणि पुढचं जेवण आपल्याकडे घ्या. वर्गणी काढून आपापला वाटा देणं तरुणांत चालतं, व्यवसायात नाही.

गप्पांचे विषय: पगार, वय, मुलं, घराचं भाडं हे तिथे बिनदिक्कत विचारतात. चिडू नका, मोघम सांगा. सीमावाद, तैवान, तिबेट हे आपण काढू नका. कुणी काढला तर ‘ते सरकारांचं काम’ म्हणून चहा ओता. आपल्याकडे याहून चांगला विषय आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईहून निघालेल्या ज्या वैद्यकीय पथकात होते, ते सप्टेंबर १९३८ मध्ये याच शहरातून पुढे गेलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचं निधन झालं. ‘ख तीह्वा’ हे त्यांचं चिनी नाव घेतलंत आणि ‘मी त्यांच्या राज्यातला’ म्हणालात, तर पन्नाशीपुढचा माणूस खुर्ची जवळ ओढतो. तरुणांना कोटणीस ठाऊक असतीलच असं नाही, त्यांना आमिर खान पुरतो.

घरी, मंदिरात, सणाला

घरी बोलावणं हा मोठा मान आहे. चपला दाराशी काढायच्या हे आपल्याला सांगायला नको. पण आपण अनवाणी आत जातो, तिथे देतील त्या सपाता घालायच्या. अनवाणी वावरणं त्यांना थंडी-पडशाला आमंत्रण वाटतं. मंदिरात नेमकं उलट: बूट काढायचे नाहीत. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. तीन उदबत्त्या लावतात. गाभाऱ्यातल्या मूर्तीचे फोटो काढू नका. वेळ असेल तर ह्वालिन मंदिरात जा. भारतातून समुद्रमार्गे आलेला बोधिधर्म इथेच उतरला असं परंपरा सांगते, आणि तुम्ही भारतातले म्हटल्यावर पुजारी कधी कधी जास्तच आपुलकीनं बघतात.

चांद्र नववर्षाच्या आसपास, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, व्यापारासाठी जाऊ नका. बाजार आठवडेच्या आठवडे बंद असतो. पण त्या वेळी तिथे असालच तर लाल पाकिटं, ‘लाय सी’, जवळ ठेवा. लग्न झालेल्यांनी अविवाहितांना, पोरांना, इमारतीच्या पहारेकऱ्याला द्यायची. रक्कम छोटी, पाच, दहा, वीस युआन, पण नोट कोरी. ग्वांगचौचा हा साधेपणा सगळ्या चीनमध्ये थट्टेचा विषय आहे, आणि मला तो फार आवडतो. आपण दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून देतो, मोल पानाचं नसतंच. म्हणायचं ‘कुंग हेय फात चोय’.

लग्नाला गेलात तर मात्र आपली सवय आवरा. आपण ५०० वर एक रुपया ठेवून ५०१ करतो. तिथे वर एक ठेवलेली विषम रक्कम मर्तिकाच्या पाकिटात घालतात. शुभकार्याला सम आकडा, चार सोडून. आणि तुम्ही दिलेलं पाकीट यजमानानं नुसता कोपरा दुमडून परत हातात ठेवलं, तर अपमान समजू नका. ‘तुमचा आशीर्वाद पोहोचला, पैसे राहू द्या’ असा या प्रांताचा तो रिवाज आहे.

निघताना

यजमान तुम्हाला दारापर्यंत नाही, लिफ्टपर्यंत, बरेचदा खाली गाडीपर्यंत सोडायला येतो. एकदा ‘राहू द्या’ म्हणा, मग येऊ द्या. तो म्हणेल ‘मान मान हांग’, सावकाश जा. उत्तरात ‘तो-चे’, कारण त्यानं जेवू घातलंय. लिफ्टचं दार मिटेपर्यंत तो तिथेच उभा राहील. तोवर फोन काढू नका, त्याच्याकडे बघत हात हलवत राहा.